शिकागोचा झेंडा घरी कसा शिवायचा, आणि शिवता शिवता तो वाचायचा कसा

शिकागोत राहणाऱ्या माणसाच्या घरात हा झेंडा कुठे ना कुठे सापडतोच. कपावर, टोपीवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर. रस्त्यावर निघालात तर पोलिसांच्या बाहीवर, नदीवरच्या पुलांवर, आणि कितीतरी लोकांच्या दंडावर गोंदलेला सुद्धा. पांढऱ्यावर दोन आकाशी पट्टे, मधे एका ओळीत चार लाल चांदण्या. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला ते नुसतं एक छान डिझाईन वाटायचं, शहराचं काहीतरी चिन्ह असणार एवढंच. मग मुलीच्या शाळेत आपल्या शहराचा झेंडा स्वतः करून आणा असा प्रोजेक्ट आला, त्यावेळी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली होती, तर आम्ही तिघींनी मिळून तो शिवला. दोनदा शिवला, कारण पहिल्या वेळेस चांदण्या चुकल्या होत्या. ते कसं चुकलं आणि बरोबर कसं करायचं हे सगळं लिहून ठेवते, कारण हा झेंडा हाताने केल्याशिवाय नीट कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.

कापड कापायच्या आधी

झेंड्याचं वर्णन शहराच्या कायद्यात अगदी थोडक्या शब्दांत आहे आणि शिवायला बसण्यापूर्वी ते समजून घ्या. झेंडा पांढरा. त्यावर दोन निळे पट्टे, प्रत्येक पट्टा एकूण जागेचा सहावा हिस्सा. हे पट्टे वरच्या आणि खालच्या काठापासून सहाव्या हिश्श्यापेक्षा किंचित कमी अंतरावर. आणि मधल्या भागात भडक लाल रंगाच्या चार चांदण्या, प्रत्येकीला सहा अणकुचीदार टोकं, शेजारी शेजारी, जवळ जवळ.

त्यातला "किंचित कमी" हा शब्द लोक विसरतात आणि सरळ सहा सारखे भाग पाडून मोकळे होतात. मग मधला पांढरा भाग जरा कमी पडतो आणि चांदण्या दोन पट्ट्यांच्या मधे चेपल्यासारख्या दिसतात. वरचा आणि खालचा पांढरा पट्टा जरासा अरुंद केला की मधे श्वास घ्यायला जागा मिळते.

आता पट्टे कशाचे आहेत ते. झेंडा समोर धरा आणि तो नकाशा आहे असं समजा, उत्तर वर. वरचा पांढरा पट्टा म्हणजे नॉर्थ साइड, मधला रुंद पांढरा म्हणजे वेस्ट साइड, खालचा पांढरा म्हणजे साउथ साइड. शहराचे लोक आजही पत्ता सांगताना असंच सांगतात. निळे पट्टे म्हणजे पाणी. वरचा निळा म्हणजे मिशिगन सरोवर आणि नदीची उत्तर शाखा, खालचा निळा म्हणजे नदीची दक्षिण शाखा आणि मोठा कालवा. डाउनटाउनमधे वुल्फ पॉइंटला उभं राहिलं की नदीच्या दोन शाखा एकत्र येऊन सरोवराच्या दिशेने जाताना दिसतात, आडव्या पडलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. तो वाय पण शहराचं एक चिन्ह आहे, जुन्या पुलांवर, इमारतींवर, शिकागो थिएटरच्या पाटीवर वर्तुळातला वाय कोरलेला दिसेल, एकदा डोळ्यात बसला की मग सगळीकडे दिसायला लागतो.

कालव्याचं जरा सांगतेच, कारण आईला हे सांगितलं तेव्हा तिने हातातली सुई खाली ठेवली. शहराची सगळी घाण नदीत जायची, नदी सरोवरात जायची, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून यायचं. तर या लोकांनी जवळजवळ २८ मैलांचा कालवा खणला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, म्हणजे सरोवराकडे वाहणारी नदी सरोवरापासून दूर वाहायला लागली. झेंड्यावरचा खालचा निळा पट्टा शिवताना त्यात तो कालवा पण आहे हे लक्षात ठेवा. माणसांनी खणलेलं पाणी आणि देवाने दिलेलं पाणी एकाच पट्ट्यात.

झेंडा आला कुठून

१९१५ मधे महापौर विल्यम हेल थॉम्पसन यांनी झेंड्यासाठी एक समिती नेमली, नगरसेवक जेम्स कर्न्स तिचे प्रमुख. समितीत लॉटन पार्कर नावाचे चित्रकार होते, त्यांनी वॉलेस राइस यांना खुल्या स्पर्धेचे नियम तयार करायला सांगितलं. राइस कवी होते, संपादन करायचे आणि झेंडे आणि मानचिन्हं या विषयावर आर्ट इन्स्टिट्यूटमधे व्याख्यानं द्यायचे. स्पर्धेला हजाराच्या वर डिझाईन्स आली, आणि शेवटी निवडलं गेलं ते राइस यांचंच. ४ एप्रिल १९१७ ला सिटी कौन्सिलने ते मंजूर केलं. दोनच दिवसांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली.

त्या पहिल्या झेंड्यावर चांदण्या दोनच होत्या, चार नाही. हे लक्षात ठेवा, शिवताना याचा फार उपयोग होणार आहे.

मापं

मी ६० बाय ९० सेंटीमीटरचा झेंडा धरते. उंची लांबीच्या दोन तृतीयांश हे प्रमाण पाळायचं, बाकी आकार तुम्हाला हवा तो घ्या.

वरून खाली असं येईल: पांढरा साडेनऊ, निळा दहा, पांढरा एकवीस, निळा दहा, पांढरा साडेनऊ. बेरीज साठ.

आता दोन पद्धती आहेत. एक म्हणजे अख्खं पांढरं कापड घेऊन त्यावर निळे पट्टे वरून शिवायचे, हे सोपं आहे पण मागून झेंडा पांढराच राहतो आणि निळं कापड उन्हात मागून सावलीसारखं दिसतं. दुसरी म्हणजे पाच पट्टे वेगवेगळे कापून एकमेकांना जोडायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. भिंतीवर लावायचा असेल तर पहिली पद्धत चालेल, बाहेर फडकवायचा असेल तर दुसरीच करा. आम्ही दुसरी केली.

कापताना शिलाईसाठी जास्तीचं धरा. जोडाच्या प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर, बाहेरच्या काठाला दुमडायला दीड. म्हणजे वरचा आणि खालचा पांढरा पट्टा बारा सेंटीमीटर रुंद, दोन्ही निळे पण बारा, आणि मधला पांढरा तेवीस. चार पट्टे सारख्याच रुंदीचे निघतात हे कापायला बसलं की फार बरं वाटतं. लांबी सगळ्यांची ९८ ठेवा, काठीच्या बाजूला नेफा करायला सहा सेंटीमीटर लागतील, दुसऱ्या टोकाला दीड दुमडायला, उरलेलं शेवटी कापून टाका.

कापड सुती पॉपलिन घ्या, चकचकीत सॅटिन घेऊ नका, ते हातात सरकतं आणि चांदणीची टोकं त्यावर नीट बसत नाहीत. निळा आकाशी हवा, नेव्ही ब्लू नको. लाल मात्र अगदी भडक, मरून नाही. आणि लाल कापड आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर पिळून बघा रंग जातो का, कारण एकदा पांढऱ्यावर गुलाबी डाग पडला की सगळी मेहनत गेली.

पट्टे जोडताना उलट बाजूने टीप मारा आणि जोड इस्त्रीने निळ्याच्या बाजूला दाबा, पांढऱ्याच्या बाजूला दाबलात तर आतला निळा काठ पांढऱ्यातून दिसतो. वरचा आणि खालचा काठ दोनदा दुमडून टीप. बास, पट्ट्यांचं काम एवढंच, एका दुपारचं.

चांदणी, इथेच सगळे चुकतात

सहा टोकांची चांदणी म्हटल्यावर आपला हात आपोआप दोन त्रिकोणांकडे जातो. एक सरळ, एक उलटा, एकावर एक. रांगोळीत आपण लहानपणापासून तो षट्कोन काढत आलोय, दिवाळीत दारात तोच असतो. मी पण तेच केलं. आठ चांदण्या कापल्या, लावल्या, इस्त्री केली, भिंतीवर धरला आणि काहीतरी वेगळं दिसत होतं पण काय ते कळेना. मुलीने तिची टोपी आणून शेजारी धरली तेव्हा दिसलं. टोपीवरची चांदणी बारीक आणि धारदार होती, माझी जाड, गुबगुबीत. नंतर मी लक्ष देऊन बघायला लागले तर एका दुकानातून आणलेल्या छापील बॅनरवर सुद्धा तीच जाड चांदणी होती.

फरक कोनाचा आहे. दोन त्रिकोणांच्या चांदणीचं टोक ६० अंशांचं असतं. शिकागोच्या चांदणीचं टोक ३० अंशांचं, बरोब्बर निम्मं. कायद्यात "अणकुचीदार" लिहिलंय ते म्हणूनच. आणि सहाच टोकं का, तर अमेरिकेच्या झेंड्यावर पाच टोकांच्या चांदण्या राज्यांसाठी आहेत, राइस यांना शहरासाठी वेगळी हवी होती, दुसऱ्या कुठल्या झेंड्यावर नाही अशी. म्हणजे या झेंड्यात खास शिकागोचं असं जे काही आहे ते त्या टोकात आहे, ते जाड झालं की झेंडा दुसऱ्याच कुणाचातरी वाटायला लागतो.

आता काढायची कशी. पुठ्ठा घ्या, मुलांची कंपासपेटी घ्या. एक मध्यबिंदू, त्याभोवती आठ सेंटीमीटर त्रिज्येचं मोठं वर्तुळ. त्याच मध्यबिंदूभोवती २.९ सेंटीमीटरचं छोटं वर्तुळ. आता हे घड्याळ आहे असं समजा आणि कोनमापक ठेवून मध्यातून बारा रेघा काढा, दर तीस अंशांवर एक, बारा तासांच्या बारा. बारा, दोन, चार, सहा, आठ, दहा या रेघा मोठ्या वर्तुळाला जिथे लागतात तिथे ठिपका. एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा या रेघा छोट्या वर्तुळाला लागतात तिथे ठिपका. मग बारापासून सुरू करून एक, दोन, तीन असे ओळीने ठिपके जोडत जा, पुन्हा बारावर आलात की चांदणी तयार.

तपासायचं कसं तर कंपासपेटीत जो लांबट गुण्या असतो, ३०-६०-९० वाला, त्याचं बारीक टोक चांदणीच्या टोकात ठेवून बघा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळायला हव्यात. जुळल्या की पुठ्ठा कापून साचा करा. माझी पहिली चांदणी का जाड झाली ते याच आकड्यात आहे, दोन त्रिकोणांच्या पद्धतीत आतले कोपरे मध्यापासून ४.६ सेंटीमीटरवर येतात, इथे ते २.९ वर हवेत. दुसऱ्या मापाची चांदणी करायची असेल तर बाहेरच्या त्रिज्येला ०.३६६ ने गुणा, आतली त्रिज्या मिळते.

लाल कापडाच्या मागे आधी चिकटणारं कॅनव्हास इस्त्रीने बसवा, टेलर लोक ज्याला पेस्टिंग म्हणतात ते, आणि मग साचा ठेवून पेन्सिलीने काढून कापा. एवढं बारीक टोक दुमडून शिवता येत नाही, आईने दोन टोकांवर प्रयत्न केला, ती चाळीस वर्षं शिवतीये पण तिला सुद्धा ते पटलं नाही, गाठोडं होतं टोकाशी. त्यापेक्षा कडेने बारीक दातांची झिगझॅग मारा. टोकाशी आलात की सुई कापडात खाली ठेवा, पाय उचला, कापड फिरवा, पाय टाका. टोकाच्या शेवटच्या एक सेंटीमीटरला मशीन हाताने फिरवलं तर जास्त चांगलं.

झेंडा दोन्ही बाजूंनी हवा असेल तर आठ चांदण्या लागतील. एका बाजूची लावून झाली की टोकांमधून टाचण्या आरपार टोचा, झेंडा उलटा करा, टाचण्या जिथे वर आल्यात तिथे दुसऱ्या चांदणीची टोकं बसवा.

जागा: नेफ्याचे सहा आणि दुसऱ्या टोकाचे दीड सेंटीमीटर सोडून झेंड्याची ९० सेंटीमीटर लांबी पाच सारख्या भागांत वाटा, म्हणजे काठीच्या बाजूपासून १८, ३६, ५४ आणि ७२ वर खडूने खुणा, मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर. हे चार मध्यबिंदू. चांदणीचं एक टोक वर, एक टोक खाली. ही अंतरं माझी आहेत, कायद्यात फक्त जवळ जवळ एवढंच म्हटलंय, पण या मापाने झेंडा डोळ्यांना बरोबर वाटतो.

कुठली चांदणी आधी लावायची

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. चारही चांदण्या दिसायला सारख्या आहेत, त्यामुळे डावीकडून उजवीकडे लावत सुटलात तरी झेंडा तोच दिसेल. पण तसं करू नका. त्या ज्या क्रमाने झेंड्यावर आल्या त्या क्रमाने लावा. काठीजवळची, १८ वरची जागा रिकामी ठेवा आणि सुरुवात ३६ वरून करा.

३६ वरची चांदणी, १८७१ ची आग. १९१७ पासून झेंड्यावर आहे. ८ ऑक्टोबरला रविवारी रात्री डी कोव्हन स्ट्रीटवरच्या एका गोठ्याजवळ आग लागली आणि ती १० तारखेपर्यंत शहर खात गेली. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर लोक बेघर झाले, आणि तेव्हा शहराची वस्तीच तीन लाखांच्या आसपास होती. ओलिअरी बाईंच्या गाईने कंदील लाथाडला म्हणून आग लागली ही गोष्ट इथल्या पोरांना पण माहीत असते, पण ती खरी नाही, सिटी कौन्सिलने १९९७ मधे त्या बाईला आणि तिच्या गाईला रीतसर दोषमुक्त केलं. सव्वाशे वर्षं एका गरीब बाईच्या नावावर ते खापर राहिलं याचं मला फार वाईट वाटतं. गोठ्याच्या जागेवर आता अग्निशमन दलाची प्रशिक्षण शाळा आहे. या चांदणीच्या सहा टोकांना धर्म, शिक्षण, सौंदर्यदृष्टी, न्याय, परोपकार आणि नागरी अभिमान असे अर्थ दिलेत. विध्वंसाच्या चांदणीला असे अर्थ, म्हणजे आगीनंतर जे उभं केलं त्याची ती चांदणी.

५४ वरची, १८९३ चं कोलंबियन प्रदर्शन. ही पण १९१७ पासूनची. आगीला बावीस वर्षं होत होती आणि या शहराने जगाला बोलावलं, दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास भेटी झाल्या. पहिलं फेरिस व्हील इथलं, २६४ फूट उंच, आपल्या जत्रेतला आकाशपाळणा त्याच कुटुंबातला. पण आपल्यासाठी ही चांदणी वेगळ्या कारणाने जवळची. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषद सुरू झाली, आणि ३१ मे ला मुंबईहून बोटीत बसलेले स्वामी विवेकानंद तिथे बोलले. मुंबईहून ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकर पण परिषदेला आले होते. परिषद जिथे भरली ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट, म्हणजे राइस पुढे जिथे व्याख्यानं देत होते तीच संस्था. २०१० मधे मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांच्या भाषणाचे शब्द दिव्यांमधे मांडले होते. आई ही चांदणी लावताना हाताने कच्चा टाका घालत होती आणि मी तिला हे वाचून दाखवत होते, तिला विवेकानंद माहीत, शिकागो माहीत, पण ती शिवत होती त्या लाल कापडाशी त्याचा संबंध आहे हे तिला पण नवीन होतं आणि काही वर्षांपूर्वी मलाही. या चांदणीची टोकं म्हणजे ही जमीन कुणाकुणाच्या ताब्यात होती ते: फ्रान्स, ब्रिटन, व्हर्जिनिया, नॉर्थवेस्ट टेरिटरी, इंडियाना टेरिटरी, आणि शेवटी इलिनॉय, जे १८१८ मधे राज्य झालं.

इथे थांबा आणि झेंडा लांबून बघा. दोन चांदण्या, हा १९१७ चा झेंडा. फोटो काढून ठेवा. मूळ झेंड्यावर दोघींची जागा नेमकी हीच होती असं मी म्हणत नाही, आपण पुढच्या दोघींसाठी जागा सोडलीये.

७२ वरची, १९३३ चं शतकाच्या प्रगतीचं प्रदर्शन. शिकागो गाव म्हणून स्थापन झालं १८३३ मधे, त्याची शंभर वर्षं. ही चांदणी १९३३ मधेच लावली. महामंदीच्या ऐन काळात त्यांनी हे प्रदर्शन भरवलं, आणि त्याच्या उद्घाटनाची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. दिवे लावायला त्यांनी एका ताऱ्याचा प्रकाश वापरला. दुर्बिणींनी तो प्रकाश पकडला, फोटोसेलवर पाडला, त्यातून निघालेल्या विजेच्या इशाऱ्याने प्रदर्शनाचे दिवे लागले. तारा होता आर्क्टुरस, आपली स्वाती. तीच स्वाती जिचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो म्हणतात. आणि हाच तारा का निवडला, तर त्यावेळच्या हिशोबाने स्वातीचा प्रकाश इथे पोचायला चाळीस वर्षं लागायची, म्हणजे १९३३ मधे जो प्रकाश आला तो तिथून १८९३ मधे निघालेला, आधीच्या प्रदर्शनाच्या वेळी. म्हणून ५४ आणि ७२ वरच्या दोन चांदण्या शेजारी आहेत ना, त्यांच्यामधल्या चार सेंटीमीटर पांढऱ्या कापडातून तो प्रकाश गेलाय, मी मुलीला असंच सांगितलं आणि तिने वर्गात पण तसंच सांगितलं.

आता शेवटची, काठीजवळची, १८ वरची. ही १९३९ मधे आली, सगळ्यात शेवटी, पण तिला जागा दिली सगळ्यात पहिली, कारण ती जी गोष्ट सांगते ती सगळ्यात जुनी: फोर्ट डिअरबॉर्न. १८०३ मधे नदीच्या तोंडाशी अमेरिकन सैन्याने बांधलेला किल्ला. १५ ऑगस्ट १८१२ ला किल्ला सोडून निघालेल्या लोकांवर पोटावाटोमी या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या योद्ध्यांनी हल्ला केला, दुसऱ्या दिवशी किल्ला जाळला, पुढे १८१६ मधे तो परत बांधला. आज मिशिगन अव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्हच्या कोपऱ्यावर फुटपाथमधे पितळी पट्ट्या बसवल्यात, त्या किल्ल्याची हद्द दाखवतात, लोक त्यावरून चालत जातात. टोकांचे अर्थ दळणवळण, श्रम, व्यापार, वित्त, लोकसंख्या आणि आरोग्यदायी हवापाणी.

या चांदणीबद्दल मुलांना सांगताना अर्धी गोष्ट सांगू नका. किल्ल्याच्या आधी ही जमीन पोटावाटोमींची होती आणि १८३३ च्या तहानंतर त्यांना इथून मिसिसिपी नदीच्या पलीकडे जावं लागलं, म्हणजे ज्या वर्षी गावाची स्थापना झाली त्याच वर्षीचा तह. आणि किल्ल्याच्याही आधी, १७८० च्या दशकात, नदीच्या उत्तर काठावर घर आणि व्यापार थाटून राहिलेला माणूस म्हणजे जाँ बाप्तिस्त पॉइंट द्यु साब्ल, कृष्णवर्णीय व्यापारी, त्याची बायको पोटावाटोमी होती. बाहेरून येऊन इथे कायमचा स्थायिक झालेला पहिला माणूस तोच. किल्ल्याशेजारचा मिशिगन अव्हेन्यूचा पूल २०१० पासून त्याच्या नावाने आहे, २०२१ मधे लेक शोअर ड्राइव्हला पण त्याचं नाव जोडलं. झेंड्यावर मात्र तो नाही. ही पहिली चांदणी त्याची असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, एक घर हे किल्ल्यापेक्षा शहराची जास्त चांगली सुरुवात आहे. माझ्या मुलीने वर्गात चारही चांदण्यांची माहिती लिहिलेला कागद लावला होता, त्यात या चांदणीखाली तिने दोन नावं लिहिली, किल्ल्याचं आणि त्याचं.

नेफा आणि टांगणं

काठीच्या बाजूचं कापड आधी एक सेंटीमीटर आत दुमडा, मग पाच, आणि दोन ओळी टीप मारा कारण वारा सगळ्यात जास्त ओढतो तो इथेच. वरच्या कोपऱ्यात मधूनच आडवी उभी टीप घालून तिथे जाड करा. शिकागोचा वारा वर्षभर असतो, साधी एक टीप महिन्यात सुटली आमची. फडकणाऱ्या टोकाला त्या दीड सेंटीमीटरमधेच दोनदा दुमडून टीप.

झेंडा वर खाली उलटा केला तरी सारखाच दिसतो, पण किल्ल्याची चांदणी काठीकडे यायला हवी, म्हणून मागच्या बाजूला त्या चांदणीजवळ जिथे नेफा येतो तिथे आम्ही लाल धाग्याने छोटी गाठ मारून ठेवलीये. मागच्या बाजूने बघितलं की ती उजवीकडे येते, तेही बरोबरच आहे, काठीपासून मोजायचं. धुताना गार पाण्यात, वेगळा, पिळायचा नाही.

आणि मुलं विचारतातच, पाचवी चांदणी कधी. सूचना खूप येऊन गेल्यात: २ डिसेंबर १९४२ ला शिकागो विद्यापीठात झालेली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन, १९६८ मधे सोल्जर फील्डवर सुरू झालेलं स्पेशल ऑलिम्पिक्स, कुठलीच अजून झेंड्यावर गेलेली नाही. आमच्या मुलीने हिशोब करून ठेवलाय. ९० चे सहा भाग, दर १५ वर एक मध्यबिंदू. पण आठ त्रिज्येची चांदणी जवळजवळ चौदा रुंद होते, मधे जेमतेम एक सेंटीमीटर राहतो, फार दाटी. म्हणून सगळ्या पाच परत कापाव्या लागतील, बाहेरची त्रिज्या ७, आतली साधारण २.६. तो साचा पण तिने कापून पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवलाय, वर पेन्सिलीने लिहिलंय "पाच".